श्वासाचे माप : सीपॅप यंत्रावरील आकडे कसे वाचावेत



घरातील वडीलधारी मंडळी रात्री मोठ्याने घोरू लागली की पूर्वी आपल्याकडे त्याची थट्टा होत असे. ‘दिवसभर श्रम केले, आता गाढ झोप लागली आहे,’ असे म्हणून शेजारचा माणूस कूस बदलून झोपी जाई. घोरणे मध्येच थांबते, काही क्षण संपूर्ण शांतता पसरते आणि मग धडपडल्यासारखा एक मोठा श्वास येतो, याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. ती शांतता गाढ झोपेची नसून श्वास बंद पडल्याची असते, हे आता वैद्यकशास्त्राने निश्चित केले आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू अर्धवट जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो; आणि हा खेळ रात्रभर चालू राहतो. यालाच स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध, असे म्हणतात.

हा विकार दुर्मिळ आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती दूर करणे इष्ट होय. सिंगापुरातच झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा श्वासरोध प्रौढांपैकी सुमारे तिघांत एकास आढळला, आणि त्यांतील बहुतेकांस आपणांस हा विकार आहे याची कल्पनाही नव्हती. तो केवळ स्थूल माणसांनाच जडतो असेही नाही. जबड्याची व घशाची ठेवण अरुंद असल्यास सडपातळ माणसालाही तो होतो. आपल्या समाजातील अनेक घरांत, येथे सिंगापुरात तसेच ठाण्यात, अश्दोदला व रामल्याला, उशाशी सीपॅप यंत्र आले आहे, ते यामुळेच. परंतु यंत्र आले तरी त्यावर सकाळी उमटणारे आकडे कसे वाचावेत हे फार थोड्यांस समजावून सांगितलेले असते. ‘माझा दाब 8 आणि धाकट्या भावाचा 12, तर मी तो वाढवावा काय?’ अशा स्वरूपाचे प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. म्हणून या खेपेचे सदर आम्ही या एकाच विषयास वाहिले आहे.

दाब म्हणजे काय?

यंत्रावरील दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या मापात मोजतात. हे नाव विचित्र वाटले तरी त्याचा अर्थ घरच्या घरी पाहता येतो. एका उंच पेल्यात पाणी भरून त्यात नळी अशी धरावी की तिचे खालचे टोक पृष्ठभागाखाली बरोबर 10 सेंटिमीटर राहील. आता नळीतून फुंकर मारून बुडबुडा काढण्यास जेवढा जोर लागतो, तेवढा म्हणजे 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब. आपल्या सभोवतालच्या वातावरणाचा दाब याच मापात हजाराहून थोडा अधिक भरतो. म्हणजे 10 चा दाब हा वातावरणाच्या जेमतेम एक टक्का होय. यंत्र फुफ्फुसात बळेच हवा कोंबते, ही भीती यावरून निराधार ठरते. श्वास आपला आपणच घ्यावयाचा असतो. यंत्र केवळ घशाच्या मऊ भिंतींना हवेचा टेकू देते, जेणेकरून त्या एकमेकींना चिकटू नयेत.

ही युक्ती शोधून काढली ती ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी. त्यांनी 1980 साली ती प्रथम रुग्णावर वापरून पाहिली आणि 1981 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र श्वासरोधावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नवी वाट करून देणे. ज्यांस मुखवट्याचा कंटाळा येतो त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरगुती यंत्रांचा दाब सामान्यतः 4 ते 20 या मर्यादेत ठेवता येतो. काही यंत्रांवर एकच दाब रात्रभर कायम राहतो. दुसऱ्या प्रकारात, ज्यास स्वयंचलित म्हणतात, डॉक्टर खालची व वरची अशा दोन मर्यादा ठरवून देतात. यंत्र श्वासाचा प्रवाह सतत तपासते. घोरणे सुरू झाले अथवा प्रवाह चेपला गेला की ते दाब हळूहळू वाढविते, आणि मार्ग मोकळा झाला की उतरविते. उताणे झोपल्यावर, पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत किंवा नाक चोंदलेले असताना पुष्कळांना अधिक दाब लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाबाचा आकडा म्हणजे आजाराची तीव्रता नव्हे. श्वास तासाला पन्नास वेळा अडणाऱ्या माणसास 8 चा दाब पुरू शकतो, आणि सौम्य विकार असलेल्यास 12 लागू शकतो. चष्म्याचा नंबर जसा ज्याचा त्याचा, तसाच हा दाब. भावाचा चष्मा आपण लावीत नाही. मग भावाचा दाब तरी का लावावा?

सकाळचे आकडे

बहुतेक यंत्रे सकाळी चार गोष्टी सांगतात : वापराचे तास, एएचआय, गळती आणि दाब. त्यांचा एकेक करून विचार करू.

एएचआय म्हणजे दर तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा बराच मंदावला, याची सरासरी. श्वास निदान 10 सेकंद थांबला तरच ती घटना मोजली जाते. निदानाच्या वेळी 5 पेक्षा कमी आकडा प्रौढांत सामान्य समजतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. यंत्र लावल्यानंतर हा आकडा 5 च्या आत राहावा, अशी साधारण अपेक्षा असते. उदाहरणार्थ, 7 तासांत 21 घटना घडल्या, तर एएचआय 3 आला. एखाद्या रात्री तो 6 झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आठवड्याची सरासरी पाहावी.

परंतु हा आकडा फसवाही असतो, आणि तो दोन तऱ्हांनी. एक म्हणजे, यंत्र फक्त मुखवटा तोंडावर असतानाचे मोजते. पहाटे तीन वाजता मुखवटा काढून टाकला आणि पुढचे तीन तास श्वास पुन्हा पुन्हा अडत राहिला, तर त्यातील एकही घटना हिशेबात येत नाही, आणि सकाळी आकडा मात्र उत्तम दिसतो. दुसरे म्हणजे, आपण झोपलो आहोत की अंथरुणात जागे पडलो आहोत, हे घरगुती यंत्रास ठाऊक नसते. जागेपणीचे तासही भागाकारात धरले जातात आणि सरासरी उतरते. म्हणून एएचआय वाचताना शेजारचा वापराच्या तासांचा आकडाही वाचावा. एकाशिवाय दुसऱ्यास अर्थ नाही.

वापराच्या तासांबाबत ‘चार तास झाले की पुरे’ असा एक समज पसरला आहे. चार तास हा अमेरिकेतील विम्याच्या हिशेबाचा नियम आहे, आरोग्याचा नव्हे. जितका वेळ झोप, तितका वेळ यंत्र, हाच खरा नियम. 2016 साली एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार किंवा पक्षाघात पूर्वी होऊन गेलेल्या 2,717 रुग्णांत यंत्रामुळे पुढील झटके टळतात काय, हे तीत पाहिले होते. ते टळल्याचे दिसले नाही; मात्र त्या रुग्णांनी यंत्र सरासरीने रात्री 3.3 तासच वापरले होते. दिवसाची पेंग, घोरणे व मनाचा उत्साह यांत मात्र सुधारणा दिसली. सबब यंत्रापासून चमत्काराची अपेक्षा धरू नये, आणि अर्ध्या रात्रीत ते काढून ठेवून त्याला निरुपयोगीही ठरवू नये.

तिसरा आकडा गळतीचा. प्रत्येक मुखवट्यास बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, कारण सोडलेला श्वास त्यांतून बाहेर जावयाचा असतो. ती छिद्रे चिकटपट्टीने किंवा कापडाने कधीही बंद करू नयेत. त्याखेरीज कडांतून किंवा उघड्या तोंडातून हवा निसटते, ती अनिष्ट गळती होय. काही यंत्रे केवळ अनिष्ट गळतीचा आकडा दाखवितात, तर काही छिद्रांतून जाणारी हवाही त्यात मिळवितात. त्यामुळे दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील गळतीची तुलना करणे व्यर्थ आहे. रेसमेड कंपनीच्या यंत्रावर मिनिटाला 24 लिटर ही अनिष्ट गळतीची मर्यादा मानतात. तिच्या पलीकडे आकडा वारंवार गेल्यास आधी मुखवट्याचे माप, त्याची झिजलेली गादी आणि दाढी यांकडे पाहावे. पट्टे आवळून आवळून नाकावर व्रण पाडून घेणे हा उपाय नव्हे. गळती मोठी असेल तेव्हा बाकीचे आकडेही विश्वासास पात्र राहत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

चौथा आकडा दाबाचा. स्वयंचलित यंत्रावर ‘95 टक्के’ असे लिहून पुढे, समजा, 11.2 असा आकडा येतो. याचा अर्थ इतकाच की रात्रीच्या वेळेपैकी 95 टक्के वेळ दाब 11.2 किंवा त्याहून कमी होता. आठ तासांची 480 मिनिटे धरली, तर फक्त 24 मिनिटे तो त्याच्या वर गेला. काही कंपन्या 95 ऐवजी 90 टक्क्यांचा आकडा देतात. हा आकडा नेहमीच वरच्या मर्यादेस टेकत असेल आणि एएचआयही 5 च्या वर असेल, तर डॉक्टरांस कळवावे; मर्यादा अपुरी पडत असण्याचा संभव आहे.

काय बदलावे, काय बदलू नये

यंत्रावरील सोयी दोन प्रकारच्या असतात. सुखसोयीच्या बाबी रुग्णाने स्वतः बदलण्यास हरकत नसते : दमटपणा, नळीची उष्णता, श्वास सोडताना दाब 1 ते 3 ने उतरविण्याची सोय, आणि झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू चढविण्याची सोय. ‘मुखवटा लावताच जीव गुदमरतो’ ही तक्रार पुष्कळदा दाब जास्त असल्याने नव्हे, तर आरंभीचा दाब 4 इतका अल्प असल्याने होते. हवा पुरत नाही असे वाटते. अशा वेळी आरंभीचा दाब किंचित वाढवून द्यावा, असे डॉक्टरांना सुचवावे.

उपचाराचा मूळ दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. दाब वाजवीपेक्षा वाढला तर हवा पोटात जाऊन पोट फुगते, गळती वाढते आणि झोपमोड होते. याहून महत्त्वाचे असे की काही रुग्णांत, विशेषतः हृदय दुर्बळ असलेल्यांत, वेगळ्या प्रकारचा श्वासरोध आढळतो. त्यात घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. यास सेंट्रल ॲप्निया म्हणतात. दाब वाढवून तो जात नाही. उलट काहींमध्ये वाढतो. आजची बरीच यंत्रे या दोन प्रकारांची मोजणी वेगवेगळी दाखवितात. सेंट्रल प्रकारचा आकडा वाढत असल्यास विनाविलंब डॉक्टरांची भेट घ्यावी.

यावरून दुसऱ्या एका रूढीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घरातील कोणी निवर्तल्यावर त्यांचे यंत्र काका किंवा मेहुणे यांना देण्यात येते, किंवा भारतातील नातलगास पाठविण्यात येते. हेतू प्रेमाचा असतो, आणि महागडी वस्तू वाया जाऊ नये ही काटकसरही आपल्या अंगी बाणलेली आहे. परंतु त्या यंत्रात दिवंगताच्या घशाचे माप बसविलेले असते. निदान झाल्यावाचून, दाब नव्याने ठरवून घेतल्यावाचून आणि मुखवटा, नळी व गाळणी बदलल्यावाचून ते दुसऱ्यास लावू नये. शिवाय 2021 सालच्या जून महिन्यात फिलिप्स कंपनीने आतील आवाज शोषणाऱ्या फोमचा चुरा होत असल्यामुळे लक्षावधी जुनी यंत्रे जगभरातून परत मागविली होती. जुने यंत्र हाती आले तर त्याचा क्रमांक त्या यादीत आहे काय, हे आधी तपासावे.

तसेच वजनात मोठा फरक पडल्यास दाब पुन्हा तपासून घ्यावा. अलीकडे वजन उतरविणारी इंजेक्शने आली आहेत. त्यांतील तिरझेपाटाइड या औषधास अमेरिकेत 2024 च्या डिसेंबरात स्थूल रुग्णांतील मध्यम व तीव्र श्वासरोधासाठी मान्यता मिळाली. वजन उतरले म्हणून यंत्र आपण होऊन बंद करू नये. पुन्हा तपासणी करावी आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा.

येथील हवा आणि प्रवास

सिंगापूरची हवा बारा महिने दमट असते. शयनगृहात रात्रभर एअरकंडिशनर चालू ठेवला की यंत्रातील उबदार ओली हवा गार नळीत थिजते, पाणी साठते आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. यंत्र बिघडले, असे समजून पुष्कळजण ते त्याच रात्री बाजूस ठेवतात. दमटपणा एक-दोन अंशांनी उतरवावा, नळीची उष्णता वाढवावी किंवा नळीवर कापडी आवरण घालावे. बहुधा तेवढ्याने भागते. भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, आणि रोज सकाळी ते ओतून देऊन भांडे वाळवावे, कारण या उष्ण हवेत बुरशी फार लवकर धरते.

ज्यांचे अद्याप निदान झालेले नाही त्यांनी आपल्या भागातील पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यावी. सिंगापूर जनरल हॉस्पिटल, नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, चांगी जनरल हॉस्पिटल अशा सरकारी रुग्णालयांत झोपेची तपासणी होते. पत्नीने किंवा मुलांनी घोरण्याचे व मध्येच श्वास थांबल्याचे वर्णन डॉक्टरांना सांगितल्यास फार उपयोग होतो, कारण रुग्णास स्वतःस त्यातले काहीच आठवत नसते.

सणासुदीला मुंबईला किंवा इस्रायलला जाताना यंत्र सामानात न टाकता हातातच न्यावे, आणि पाण्याचे भांडे आधी रिकामे करावे. तिन्ही देशांत विजेचा दाब 230 व्होल्ट असल्याने, आणि बहुतेक यंत्रांचा वीजपुरवठा 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालत असल्याने, ती चिंता नको. परंतु प्लग तिन्हीकडे निराळे आहेत. येथे तीन चौकोनी पात्यांचा, भारतात गोल दांड्यांचा आणि इस्रायलात त्यांचा स्वतंत्र, असे असल्याने योग्य जोडणी बरोबर ठेवावी.

शब्बाथची रात्र

आता ज्या प्रश्नासाठी हे सदर विशेषेकरून लिहिले, त्याकडे वळतो. काही धर्मनिष्ठ कुटुंबांत यंत्र विजेवर चालते म्हणून शुक्रवारच्या रात्री ते लावीत नाहीत, असे आमच्या कानी आले आहे. आठवड्यातील सहा रात्री श्वास नीट चालावा आणि विश्रांतीच्या पवित्र रात्रीच तो अडत राहावा, ही गोष्ट मनास पटणारी नाही. ज्या पूर्वजांनी कोकणात तेलाचा घाणा चालविताना शनिवारचा विसावा सोडला नाही आणि ‘शनिवार तेली’ हे नाव अभिमानाने मिरविले, त्यांचे आपण वंशज. शब्बाथविषयीची ही कळकळ आदरणीयच आहे. परंतु त्याच धर्माने पिक्कुआह नेफेशचे, म्हणजे जीवरक्षणाचे, तत्त्वही घालून दिले आहे. तोरातील आज्ञा मनुष्याने जगण्यासाठी आहेत, आणि जीव वाचविण्यासाठी शब्बाथही बाजूस ठेवावा, याची चर्चा तालमूदच्या योमा या ग्रंथात आली आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, ‘लावावे की नाही’ असा प्रश्न न विचारता ‘कसे लावावे’ असा प्रश्न राब्बींस विचारावा, आणि तो विचारताना डॉक्टरांनी लिहून दिलेली आजाराची तीव्रता बरोबर न्यावी. यंत्र दिवेलागणीपूर्वी सुरू करून ठेवता येईल काय, मुखवटा लावताच आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी काय, पडद्याचा उजेड कसा टाळावा, आणि पाणी तापविणाऱ्या भागाचे काय करावे, हे प्रश्न एकेक करून विचारावेत. यंत्र आणि पाणी तापविणे हे धर्मदृष्ट्या दोन वेगळे प्रश्न ठरू शकतात. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने येथे सूर्य वर्षभर पावणेसात ते सात-वीसच्या दरम्यान मावळतो. शुक्रवारच्या तयारीची वेळ फारशी बदलत नाही, ही आपली मोठीच सोय आहे. मेणबत्त्या लावण्याआधी अर्धा तास यंत्राची सिद्धता करण्याचा परिपाठ ठेवावा. सकाळचे आकडे मात्र शब्बाथ संपल्यावर पाहिले तरी चालतात. ते कोठे पळून जात नाहीत.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने मातीच्या मानवाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, असे सांगितले आहे. हिब्रू भाषेत ‘नेशिमा’ म्हणजे श्वास आणि ‘नेशामा’ म्हणजे आत्मा, आणि हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. सकाळी डोळे उघडताच ‘मोदे अनी’ म्हणून परत मिळालेल्या आत्म्याबद्दल आपण आभार मानतो. तो रात्रभर सुखरूप राहावा म्हणून जेवढे आपल्या हाती आहे, तेवढे करणे हेही त्या आभाराचेच एक अंग होय.

वाचकांनी हे पान कापून यंत्राच्या पेटीत ठेवावे. आणि ज्या घरात कोणी घोरता घोरता अचानक शांत होत असेल, त्या घरी ते अवश्य वाचून दाखवावे.